थांबलेली वरात

“चाचा, पुन्हा हाललात!”

रोशननं काचेआडून एमआरआयचं मशीन थांबवलं. पलीकडच्या खोलीत, त्या पांढऱ्या बोगद्यातून फकीर ताशेवाल्याचे फक्त पाय बाहेर दिसत होते. उजव्या पायाचा अंगठा अजून डुलत होता.

आत घेण्याआधी रोशननं सगळं नीट समजावलं होतं. अंगात कुठं सळई नाही ना, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला नाही ना, विचारून झालं. घड्याळ, पट्टा, अंगठी, गळ्यातला चांदीचा ताईत, सगळं उतरून बायकोच्या, शबानाच्या, ओढणीत आलं. “दुखत काही नाही, चाचा. आवाज मात्र मोठा येतो. घाबरलात तर हा रबरी फुगा दाबा. फक्त हालू नका.”

फकीर घाबरला नाही. तिथंच घोटाळा झाला.

“मी कोठे हालनू?” बोगद्यातून तो ओरडला. “हाई मशीनच ताल धरी ऱ्हायनं, भो! तीन ठोका मारस, चौथा सोडी देस. तो चौथा कोन भरई?”

रोशननं हसू दाबलं, शेजारी उभ्या शबानाकडं वळला. “चाची, बोटं हलली की खांदा हलतो, खांदा हलला की मान. फोटो पुसट येतात. आता शेवटचं बघतो. नाही जमलं तर भूल द्यावी लागेल, आणि भुलीचे डॉक्टर महिनाअखेरीला येतात.”

शबानानं बोटांवर दिवस मोजले. लोणखेड्याच्या वरातीत फकीरच्या उजव्या हातातली ताशाची काडी गळून पडली होती. वाकून उचलली, पुन्हा गळाली. मानेत शीर दबलीय, डॉक्टर म्हणाले. फोटो बघून ऑपरेशन ठरवू, पण उशीर केलात तर हात जाईल. ज्या हातानं घोड्या नाचवल्या, रुसलेले व्याही नाचवले, तो हात.

“मी बोलू का त्यासले?”

रोशननं माईक तिच्यापुढं सरकवला.

“आफशीनना अब्बा,” लेकीचं नाव घेऊन तिनं रोजच्यासारखी हाक मारली. “वरात थांबाडा. समोरथीन मय्यत ई ऱ्हायनी.”

रोशन चपापला. “चाची, आत निजलेल्या माणसाला हे काय—”

तिनं ओठांवर बोट ठेवलं.

अंगठा थांबला होता.

वरात कुणाचीही असो, रस्त्यात मय्यत समोर आली की फकीरचा ताशा जागच्या जागी मुका होई. तिरडी असो की जनाजा. मग मागचे ढोल गप्प, घोडीवरचा नवरदेव गप्प. फकीरच्या काड्या हवेत असल्या तर हवेतच राहत. शेवटचा खांदेकरी वळणाआड जाईपर्यंत तो पापणीसुद्धा हलवत नसे. शहाद्यात वाजवणारे पुष्कळ होते, थांबणारा हा एकच, असं म्हातारी माणसं म्हणत.

मशीन सुरू झालं. ठोकू लागलं, घुमू लागलं. तीन ठोके टाकून चौथा सोडू लागलं, जसं काही त्याला मुद्दाम डिवचतंय. फकीर दगडासारखा पडून राहिला. दंड नाही, बोट नाही. मय्यतीचं अशुभ नाव शबानाच्याच तोंडून गेलं होतं, आता ते माघारी घेता येत नव्हतं. ती ताईत मुठीत आवळून काचेला कपाळ टेकून राहिली.

पडद्यावर मानेचे मणके उमटू लागले, कणसाच्या दाण्यांसारखे, एकेक वेगळा. रोशन पुढं झुकला. म्हणाला, “असा स्वच्छ फोटो मी अजून काढला नाही, चाची.”

आवाज थांबला. पाट बाहेर सरकला. रोशननं आत जाऊन मानेवरची जाळी काढली, कानांतले बोळे काढले. “झालं चाचा. उठा.”

फकीर उठला नाही. डोळे मिटलेले, हात तसेच.

रोशननं घाबरून मागं पाहिलं. ताईत नि ओढणीतलं सगळं तिथंच ठेवून शबाना अनवाणी आत आली आणि पाटाशी वाकली.

“गयी का?” ओठ न हलवता त्यानं विचारलं.

तिनं त्याच्या उजव्या हातावर हात ठेवला.

“गयी,” ती म्हणाली. “वाजाडा आते.”