अस्वल आचाऱ्याची मुलाखत

"लिहा," अस्वल म्हणालं आणि त्यानं रश्श्यात पाटवड्या सोडल्या. "नाव झालं का झोप जाते. आधी लोकं मले पाहून पळत होते, आता पाह्यले येतेत. पयलंच बरं होतं."

श्रीनिवासनं वहीत उतरवून घेतलं. हिंगणघाटला देवकाबाईंच्या खानावळीत तो मुलाखत घ्यायला आलेला पेपरवाला म्हणून बसला होता. खरा होता दारूबंदीचा फौजदार. शेजारच्या बाकावर गिऱ्हाईक होऊन बसलेले बाबाराव मास्तर आणि अण्णाजी दुकानदार हे त्याचे पंच. त्यानं हाक मारली की पंचनामा सुरू व्हायचा.

जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता, नवे साहेब आले होते. त्यांच्या नजरेत भरायचं तर मासा बडा हवा. अकरा वर्षं श्रीनिवास बैलगाड्यांतले डबे हुंगत फिरला होता. मागून आलेले बढत्या घेऊन नागपूरला पोचले, हा आपला जिथल्या तिथं. यंदा नाही तर कधीच नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि ते त्याला फार लागत होतं.

या आचाऱ्याच्या रश्श्याचं आणि चोरून मिळणाऱ्या मोहाच्या दारूचं नाव पार समुद्रपूरपर्यंत गाजत होतं. तानबा बहुरूपी अस्वलाचं सोंग घेऊन रांधतो, असं सारे म्हणत. सोंग इतकं बेमालूम, की दिवाळीपासून तानबाचा चेहरा कुणाला दिसला नव्हता.

"व्यसन काही?" श्रीनिवासनं सहज विचारल्यासारखं केलं.

"दोन. मध आन् मोहा. मध सोडून पाह्यला, जमलं नाई. मोहा सोडाचा इचार अजून आला नाई."

अस्वलानं चुलीमागून एक मडकं काढलं आणि दोन पेले भरले. फाल्गुनातली दुपार होती. जिनिंगमधून उडालेला कापूस उन्हात तरंगत दारातून आत येत होता, आणि खाली पडायची त्याला काही घाई नव्हती.

"याले दारू नोका म्हणू, साहेब. दारू भट्टीतून निघते. हे फुलं आपल्या मनानं पिकले, तीन साल. माह्या मायनं येचलेले हायेत. आधी वास घ्या. मंग जिभीवर ठेवा आन् चूप बसा."

पुराव्यापुरता एक घोट घ्यावा, म्हणून श्रीनिवासनं पेला उचलला. घोटाचा पेला झाला, पेल्याचे तीन झाले. खानावळीच्या भिंती हलकेच मागे सरकल्या. त्याच्या लहानपणच्या नालवाडीच्या घरामागचं मोहाचं झाड आलं, त्याखाली वाकून फुलं वेचणारी आई आली. कुणी कुणाच्या पुढे जात नव्हतं, कुणी मागे राहत नव्हतं. इतकं सुख त्याला कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

"नावाचीबी नशाच असते," अस्वल लांबून कुठून तरी बोलत होतं. "फरक इतलाच, मोहा सकाळी उतरते."

सकाळ म्हणताच श्रीनिवासला कचेरी आठवली. तो धडपडत उठला.

"पंच, पुढे या. मी दारूबंदीचा फौजदार. तानबा, सोंग उतरव."

"कायचं सोंग, साहेब?"

श्रीनिवासनं मानेमागचे केस मुठीत धरून ओढले. कातडं निघालं नाही. हाताखाली ऊन ऊन मांस लागलं, एक कान फडफडला आणि अस्वलानं समजूत घातल्यासारखा त्याचा दुसरा हात चाटला.

देवकाबाई पोळपाट घेऊनच बाहेर आल्या. "तानबा तं दिवाळीलेच रायपूरले गेला, साहेब. मोठ्या हाटेलात लागला. जाताना याले शिकवून गेला, म्हून माही खानावळ चालून राह्यली."

श्रीनिवासनं मुठीतले केस सोडले.

"जनावरावर गुन्हा लागत नाई," अण्णाजी म्हणाले. "मंग पंचनामा कायचा कराचा?"

बाबाराव मास्तरांनी कागद आधीच पुढ्यात घेतला होता. मास्तर सरळमार्गी माणूस. जेवढं डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं, हा त्यांचा नेम. 'आम्हां पंचांसमक्ष मद्यप्राशन करताना आढळलेला इसम' एवढं त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, टाक दौतीत बुडवला आणि श्रीनिवासकडे पाहिलं.

"पूर्ण नाव सांगता, साहेब?"