आवळ्याच्या फोडी

गुरुवारी गोणी सोडली आणि वासानंच कळलं, माल गेला. आवळ्याच्या फोडी वरून कडक वाळल्या होत्या. बचत गटातल्या पंचफुलानं एक फोड मोडली. आत ओल आणि पांढरी बुरशी.

"मशीनच बिघडली," उकंडा म्हणाला आणि त्यानं ड्रायरच्या पत्र्याला लाथ हाणली.

दिवसा उन्हावर आणि ऊन उतरलं की विजेवर चालणारा हा ड्रायर बचत गटाचा होता. चार हंगाम तो उकंडाच्या बायकोनं, प्रभावतीनं चालवला. आषाढात ती गेली. गटाच्या बाया चावी मागायला आल्या, तेव्हा उकंडानं दिली नाही. तिचं काम दुसऱ्या कोणाच्या हाती जाऊ द्यायचं नव्हतं त्याला. ही त्याची पहिलीच खेप. चाळीस किलो फोडी आता उकिरड्यावर जाणार होत्या.

नेरहून वाहिद मेकॅनिक आला. त्यानं पंखा पाहिला, हीटर पाहिला, तापमानाचा काटा पाहिला.

"मशीनले काही नाही झालं, काका. हीटर बंद कवा करता?"

"कायले बंद करू? ऊन असो का नसो, लाईन हाय तवर चालू. दोन दिवसांत माल तयार!"

"मंग असंच होईन. वरून टणक झाल्या, आतलं पानी आतच अडकलं. मधात काढून झाकून ठेवा लागते. आतली ओल वर आली का मंग पुन्हा टाकाच्या. काकू तसंच करत होत्या ना?"

उकंडाला आठवलं. प्रभावती रोज दिवस कलला की मशीन बंद करायची. फोडी घमेल्यांत काढून जुन्या लुगड्यानं झाकायची. लाईन असताना मशीन बंद पाहून तो चिडायचा. "कामाचा कंटाळा हाय तुले," म्हणायचा. चारही वर्षं म्हणत आला.

"भाऊ, किती वेळ झाकाचं तेवढं सांगा," पंचफुला उकंडाकडं वळून म्हणाली. "दवाखान्यात आमी वैनीले इचारलं होतं. म्हने, यायले सारं माईत हाय, मी रोज सांगत आली."

उकंडानं खिशातली चावी काढून तिच्यापुढं धरली.

"मले नाही माईत."

प्रभावती जेवायला वाढताना रोज मशीनचं काहीबाही सांगायची. तो मोबाईलमध्ये पाहत 'हं' म्हणायचा. ऐकायचं राहून गेलं होतं.