गुरुवार सकाळचा कप्पा

कुराता बाई यायला दहा मिनिटं होती. फुमिएने भिंतीवरच्या कापडी कॅलेंडरमधल्या गुरुवार सकाळच्या कप्प्यातून गोळ्या काढल्या आणि धाकट्या भावाला, इसामुला, न देता एप्रनच्या खिशात टाकल्या.

गेल्या वर्षी इसामुने तिचा घातच केला होता. तीस वर्षं डोक्यात आवाज ऐकणारा, अर्धांगवायूने डावी बाजू गेलेला हा माणूस. पण सरकारच्या तपासनीस म्हणून याच बाई समोर बसल्या आणि गडी ताठ झाला. तारीख सांगितली, हवापाण्याच्या गप्पाही मारल्या. निकाल आला, देखभालीच्या गरजेची श्रेणी एक, म्हणजे अगदी खालची. सेवागृहात जागा मिळते ती श्रेणी तीनपासून पुढे. फुमिएने एकसष्टी गाठली होती आणि त्याला उचलून उचलून तिची कंबर कामातून गेली होती. आज त्याने शहाणपणा करू नये, एवढंच तिला हवं होतं.

"इसामुसान, आज तारीख काय?" कुराता बाईंनी बसल्या बसल्या कागद काढून विचारलं.

"बारा... नाही, तेरा." त्याचा उजवा हात थरथरत होता. त्याने तो मांडीखाली दाबला.

"आणि ऋतू कुठला?"

"उन्हाळा. तुम्ही सारखा घाम पुसताय ना!"

कुराता बाई हसल्या. लिहिता लिहिता त्यांची नजर भिंतीकडे गेली. "गोळ्यांचे कप्पे कसे वेळच्या वेळी रिकामे! सगळ्या घरांत असं नसतं हो, फुमिएसान."

फुमिएला मान वर करवेना. चहाचं निमित्त करून ती स्वयंपाकघरात पळाली. स्वतःचीच किळस आली तिला.

जवाच्या गार चहाचे पेले ट्रेमध्ये ठेवून ती परत आली, तर सरकत्या दारापलीकडे इसामु आवाज खाली आणून बोलत होता. त्याचा खालचा आवाज म्हणजे शेजारच्या घरात ऐकू जाईल असा.

"बाई, माझं राहू द्या. ताईचं बघा. तिचं वय झालंय. आज सकाळी माझ्या गोळ्या द्यायच्याच विसरली."

"मग तुम्ही मागितल्या नाहीत?"

"कशाला? आपण विसरलो असं कळलं तर जिवाला लावून घेते ती. तिला एखादी श्रेणी देता येईल का?"

फुमिएच्या हातात पेले एकमेकांवर वाजायला लागले.

"ताई आली," आतून इसामु म्हणाला. "आता काही बोलू नका."