घरातली सकाळ, एक मिनिट

बाईंनी बटण दाबलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर तिच्या घरातल्या आवाजांची रेघ धावू लागली.

गृहपाठ असा होता: आपल्या घरातली सकाळ, एक मिनिट. कुणी बोलायचं नाही, नुसते आवाज रेकॉर्ड करायचे. वर्गाने ते ऐकायचे आणि समोरच्या टॅबवर या नव्या देशाच्या भाषेत ओळखून लिहायचे. बरोबर की चूक, ते ज्याचं घर त्याने ठरवायचं. बरोबरला हिरवा दिवा, चुकीला लाल.

बाकीच्यांनी इथल्या आपापल्या खोल्यांमधले आवाज आणले होते. तिची खोली सहा जणींची. सगळ्या दवाखान्याच्या लाँड्रीत चादरी धुणाऱ्या. त्या खोलीला तिला घर म्हणवेना, म्हणून तिने तिकडे नवऱ्याला फोन लावला होता.

"मी काय बोलू त्यात?"

"काही बोलायचं नाहीये, अहो."

"मग जमेल."

"जमणारच. न बोलण्यात तुमचा हात कोण धरणार?"

तो हसला. तेवढ्यात तिने दुसरं विचारून घेतलं. लाँड्रीवाले आणखी तीन वर्षं ठेवून घेतायत, सही करू का?

"तुझं तू बघ," तो म्हणाला. "इकडचं चाललंय."

तो कागद आत्ता तिच्या पर्समध्ये होता. दोनच्या पाळीला सुपरवायझरच्या हातात द्यायचा होता. सही तेवढी बाकी.

०:०४

कडी. पडद्यावर उत्तरं उमटली: दार, दार, कुलूप, दार. तिने दारवाल्यांना हिरवा दिला.

०:१५

नळ. बादली. सगळे हिरवे.

०:२९

झाडू. तिला हसू आवरेना. शेजारच्या खुर्चीवर गवंडीदादा होते, वर्गात मराठी बोलणारे तेवढेच एक.

"काय झालं, ताई?"

"जन्मात झाडू हातात घेतला नाही यांनी. वर्गासाठी काढलाय."

"भावोजी नाटकी दिसतात."

"छे, शिंपी आहेत. माप दिलं की बरोबर तेवढंच कापतात."

०:४४

शिवणयंत्र. कुणालाच येईना. एकाने लिहिलं रेल्वे, एकीने पंखा. तिला मात्र पट्टा ढिला झालेला ऐकू आला, आणि तेल न घातलेलं. तेल घालायचं काम तिचं असायचं.

०:५९

"झालं," रेकॉर्डिंगमध्ये नवरा म्हणाला.

वर्ग हसला. कुणी टाळ्याही वाजवल्या. पण रेघ थांबली नाही. झालं म्हटल्यावर फोनलाही ते कळतं, असा त्याचा समज असावा. पडद्याच्या कोपऱ्यात एकूण लांबी दिसत होती: चार मिनिटं अकरा सेकंद.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. "बंद करू?"

"राहू दे," ती म्हणाली. नव्या भाषेत ती न अडखळता बोलली, हे बाईंच्याही लक्षात आलं.

१:२६

चपला. स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या. एक पाय किंचित ओढत. तो कधीपासून ओढतो, तिला ठाऊक नव्हतं.

१:५२

काडी ओढल्याचा आवाज. शेगडीवर भांडं.

२:३८

ठक.

मग थोडं थांबून, ठक.

कप, वर्गातल्या एका ड्रायव्हरने लिहिलं. मग खोडून दुरुस्त केलं: दोन कप. बाकीच्यांनी त्याचं बघून तेच लिहिलं. तिने हिरवा दिला. बोट जरा उशिरा हललं.

२:५१

धार. ती थांबली. मग दुसरी धार.

३:०४

काही नाही. रेघ सपाट. मशीन बिघडलं की काय म्हणून बाईंनी वायर हलवून पाहिली. एक घोट ऐकू आला. बऱ्याच वेळाने आणखी एक. कुणी काही लिहिलं नाही.

३:५५

पुन्हा धार, उंचावरून, भांड्यात पडणारी. नळ, कुणी लिहिलं. पाऊस, कुणी लिहिलं. तिने कुणालाच हिरवा दिला नाही. भरलेला कप परत भांड्यात ओतला की असा आवाज होतो.

४:११

रेघ संपली.

"आता नेहमीचा शेवटचा प्रश्न," बाई म्हणाल्या. "या घरात किती माणसं राहतात?"

पडद्यावर उत्तरं यायला लागली. दोन. दोन. दोन. सोपा प्रश्न होता, कप सगळ्यांनी मोजले होते. खालच्या कोपऱ्यात एकच उत्तर वेगळं आलं: एक.

गवंडीदादा तिच्याकडे झुकले. "भावोजी एकटेच असतात ना तिकडे? या खेपेला मी एकटाच बरोबर बघा, ताई."

तिने मांडीवरची पर्स उचलून खुर्चीखाली ठेवली. मग बटण दाबलं.

सगळ्या टॅबवर हिरवा दिवा लागला. गवंडीदादांचा तेवढा लाल.