पानाआधी फुललेलं फूल

सुनेनं सासूच्या हातावर फटका मारला. तोही सहलीला आलेल्या साऱ्या गावच्या बायकांदेखत.

मालसुन आजी जागीच थिजली. तिला आजवर कोणी बोट लावलं नव्हतं. नवरासुद्धा दबकून असायचा. आणि ही थुय, व्हिएतनामहून कोरियातल्या या घरात येऊन उणीपुरी सहा वर्षं झालेली, अजून किमचीत मीठ धड पडत नाही, तिनं हात उगारावा?

झालं होतं एवढंच. समुद्राकाठच्या त्या बागेत देशोदेशीची झाडं लावलेली. एका निष्पर्ण झाडाखाली गुलाबी पाकळ्यांचा सडा पडला होता. वसंत आला की कोरियातल्या बायका जिंदाल्लेची, रानातल्या झुडपावरची अशीच गुलाबी फुलं खातात, भाकरीवर थापतात. नुसत्या काडीवर फुललं तर खावं, पानांसकट फुललं तर हात लावू नये. मालसुन आजीला हे दुधाच्या दातांपासून ठाऊक. तिनं एक ताजी पाकळी उचलली, फुंकर मारली आणि पाच वर्षांच्या नातीच्या, सोराच्या, ओठांशी नेली. फटका बसला तो तेव्हा.

बायकांत कुजबूज सुरू झाली. शेजारची पुन्ये तर मोठ्यानंच म्हणाली, की परदेशी सून म्हणजे आज ना उद्या डोक्यावर बसणारच.

थुयनं नुसतं झाडाच्या बुंध्याशी बोट दाखवलं. तिथं पाटी होती. अक्षरओळख नसलेल्या मालसुन आजीला ती मुंग्यांच्या रांगेसारखी दिसली. पुन्ये तरातरा पुढं झाली, वाकून वाचू लागली, आणि तिचा आवाज खाली आला. झाड परमुलखातलं होतं. जिंदाल्लेसारखंच पानाआधी फुलणारं, पण विषारी.

मालसुन आजीनं पाकळी टाकून दिली. नातीचे ओठ रुमालानं पुसले, दोनदा. मग बाकावर टेकली. थुय समोर येऊन मान खाली घालून उभी राहिली.

"चुकले, आई," ती पुटपुटली. "तोंडानं सांगायला हवं होतं. पण तुमच्या भाषेतला शब्द आठवेपर्यंत सोरानं गिळलं असतं."

मालसुन आजीनं लाल झालेला हात चोळला. पुन्येला ऐकू जाईल अशा बेतानं बोलली.

"मान वर कर. परकी असतीस, तर माझा मान राखत उभी राहिली असतीस."