जगळगंटी

जयतीर्थ सरदार झाला, विशू मांत्रिक झाला. उरलेल्या अहल्याला त्रिविक्रमनं खडूनं आखलेला किल्ला दाखवला. "तू राणी. आत बस."

"राणी काय करते?"

"बसते."

"मग मला नको राणी," अहल्या म्हणाली. "मी जगळगंटी होणार."

स्वयंपाकघरात अवरेकाईच्या शेंगा सोलणाऱ्या तिच्या आईचा, कावेरीचा, हात जागच्या जागी थांबला.

बसवनगुडीतल्या त्या घराच्या ओसरीवर रविवारी दुपारी हा खेळ रंगायचा. कावेरीच्या थोरल्या जावेचा त्रिविक्रम गोष्ट सांगे, बाकीची पोरं एकेक सोंग घेऊन त्या गोष्टीत शिरत, आणि लढाई आली की कवड्या टाकत. सोंगं वाटायचा मान त्रिविक्रमचा. मिशी फुटायची होती, पण तोरा दिवाणसाहेबांचा.

"असलं सोंग नसतं," तो म्हणाला. "आणि ती शिवी आहे, येडे. जगळगंटी म्हणजे भांडकुदळ बाई."

"छट्! जगळ म्हणजे भांडण, आणि गंटी म्हणजे घंटी," अहल्यानं कन्नड शाळेतलं सगळं ज्ञान पणाला लावलं. "ती भांडायला आली की घंटी वाजते. मग सगळे पळतात."

पोरं खो खो हसली. कावेरीला हसू येईना. तो शब्द शुक्रवारी संध्याकाळी याच घरात उच्चारला गेला होता. सासूबाईंनी, कृष्णाबाईंनी, तिलाच म्हटलं होतं, "भर बाजारात, लेकरासमोर! जगळगंटी कुठली!" तेव्हापासून पोर त्या प्रसंगाबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. तिला आपली लाज वाटली असेल का? जेवताना, वेणी घालताना, कावेरी तिच्या तोंडाकडे बघून तेवढंच शोधत होती.

"बरं, हत्यार काय तिचं?" त्रिविक्रमनं विचारलं. हसता हसता त्यालाही गोडी वाटू लागली होती.

"हाती लागेल ते. शेवग्याच्या शेंगा असल्या तर शेंगा. त्या मोडल्या की नारळाची पिशवी."

"घोडा?"

"घोडा कशाला? ती शिवाजीनगरच्या बाजारात लढते. जटक्यांच्या, त्या टांग्यांच्या, मधून वाट काढते. गुंडानं पदर ओढला तर पळत नाही. वळते." अहल्या आता उभीच राहिली होती. "आणि एका हातानं मुलीला मागे धरून ठेवते, अशी. दुसऱ्या हातानं लढते."

"एकाच हातानं?" विशूचे डोळे मोठे झाले.

"एकाच. गुंडा 'चुकलो अक्का, चुकलो' म्हणत जटक्याखाली शिरला."

कावेरीनं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. त्या हातात तेव्हा काय होतं, हे तिला मुळी आठवतच नव्हतं.

"सरी, सरी," त्रिविक्रमनं मान डोलावली. "बळ दमदार आहे. पण उणं? सरदाराचा घोडा पाण्याला भितो. मांत्रिकाला शिंक आली की तो मंत्र विसरतो. उण्याशिवाय कुणाला खेळात घेत नाही मी."

अहल्यानं मुठीतल्या कवड्या खुळखुळवल्या.

"उंबऱ्याच्या आत तिचं बळ चालत नाही," ती म्हणाली.

"कुठल्या उंबऱ्याच्या?"

"तिच्याच घराच्या. आत आली की ती खाली बघते. कुणी काहीही बोललं तरी."

त्रिविक्रमनं तिच्यासमोर खडूची एक आडवी रेघ ओढली. "हा उंबरा. टाक कवड्या."

तेवढ्यात देवघरातून कृष्णाबाई आल्या. "अहल्या! काय शब्द तोंडात तुझ्या? ऊठ. पोरांत बसून मारामाऱ्या खेळतेस? आई तशी लेक!" त्यांनी तिचं मनगट धरलं. अहल्या उठेना, पण मूठ उघडली आणि कवड्या ओसरीभर पांगल्या.

कावेरी उठली. मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या, त्या तिनं उचलल्या नाहीत. ती माजघर ओलांडून दारापाशी आली आणि चौकटीच्या आतच उभी राहिली.

"आत्याबाई, हात सोडा तिचा."

आवाज चढलेला नव्हता. पाणी मागावं तसा होता. कृष्णाबाईंनी वळून पाहिलं.

"काय म्हणालीस?"

"हात सोडा म्हटलं. डाव तिचा आहे. संपला की मीच बोलावीन तिला." कावेरी त्यांच्या डोळ्यांत बघत होती. "आणि शुक्रवारचं म्हणाल, तर त्यानं पुन्हा पदराला हात घातला तर मी पुन्हा मारीन. लेकरासमोर मारीन."

कृष्णाबाईंची बोटं मनगटावरून हळूहळू सुटली. "उन्हात बसू नका रे," असं काहीसं पोरांनाच सांगून त्या आत गेल्या.

कावेरी तिथंच उभी होती. बाजूला व्हावंसं तिला वाटेना.

विशूनं कवड्या गोळा करून आणल्या. अहल्यानं त्या घेतल्या नाहीत. तिनं बोट जिभेला लावलं, वाकली, आणि खडूची ती आडवी रेघ पुसायला लागली.

"ए, ए! उणं पाहिजेच!" त्रिविक्रम ओरडला.

"देते रे अण्णा," अहल्या आईकडे बघत म्हणाली. "थांब जरा. शोधावं लागेल."