हातोडीबाई

सरावाचं ते लढाऊ विमान उतरता उतरता पाय बाहेर काढायचं आणि माणसासारखं उभं राहायचं. शिकाऊ वैमानिकानं ते पाडलं, तर गुडघ्याचा पोचा त्यानंच ठोकून काढायचा, असा तळावरचा रिवाज. या शिकाऊ पोरीनं ते इतक्यांदा पाडलं होतं, की सगळे तिला ‘हातोडीबाई’ म्हणायचे. आज शेवटची संधी होती. पाडलं तर थेट घरी. जमीन अंगावर आली. मागच्या सीटवरून मास्तर ओरडले, “दोन्ही पाय सोड!” तिनं फक्त डावा सोडला. “अगं, डोकं फिरलंय का?” क्षणभर थांबून तिनं उजवा सोडला. दोन्ही पावलं एकदमच टेकली आणि विमान ताठ उभं राहिलं. सवयीनं तिला हातोडी द्यायला धावलेला मिस्त्री वाटेतच थबकला. “डावा आधी का?” मास्तरांनी विचारलं. “तो गुडघा उशिरा उघडतो, मास्तर.” ती हसली. “तुम्हाला कसं कळणार? तुम्ही कधी पाडलंच नाही!”